हेअरलूम टोमॅटोची घरच्या बागेत तुलना: चव आणि उत्पादन नेमके कसे तपासावे

बियाण्याच्या पाकिटावर प्रत्येक हेअरलूम टोमॅटो अप्रतिम चवीचा असतो. ते वाक्य खोटे नसते. कुणाच्या तरी बागेत, कुठल्या तरी हवेत ते खरे ठरलेले असते. पण तुमच्या मातीत, तुमच्या उन्हात आणि तुम्ही ज्या हाताने पाणी घालता त्या हाताखाली ते खरे ठरेल का, हे पाकीट सांगू शकत नाही. त्याचे उत्तर एक हंगाम नीट तुलना करूनच मिळते.

आपली तुलना बहुतेक वेळा अशी होते: एका वर्षी ब्रँडीवाइन लावला, पुढच्या वर्षी चेरोकी पर्पल, आणि दुसरा जास्त आवडला म्हणून तोच सरस ठरवला. दरम्यान हवा बदललेली असते, खत बदललेले असते, रोपे वेगळ्या कोपऱ्यात असतात. मीही काही वर्षे हेच केले. आवडत्या वाणाला सर्वांत चांगली जागा दिली आणि तो जिंकला की त्याचे श्रेय वाणाला दिले. या लेखातली पद्धत त्यानंतर हळूहळू बसत गेली. तिला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक वजनकाटा, पेन्सिल आणि थोडी शिस्त एवढे पुरते.

हेअरलूम कशाला म्हणायचे

ज्या वाणाचे बी धरून पुन्हा पेरले तर पिढ्यान् पिढ्या तसेच फळ येते, आणि जो बराच काळ लोकांच्या हातून हातात जपला गेला आहे, तो हेअरलूम. किती काळ, यावर एकमत नाही. कुणी 50 वर्षे धरतात, कुणी दुसऱ्या महायुद्धानंतर संकरित वाण पसरले त्याआधीचे तेवढेच मानतात. टोमॅटोचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. परागकोशांची नळी स्त्रीकेसराभोवती वेढलेली असते, म्हणून घरच्या बागेतही वाण शुद्ध राखणे फार अवघड नसते. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

वयाच्या वादात मी फार पडत नाही. ग्रीन झेब्रा हा हिरव्या पट्ट्यांचा टोमॅटो अमेरिकेतील पैदासकार टॉम वॅगनर यांनी 1983 मध्ये बाहेर आणला. वयाने तो हेअरलूम ठरत नाही, पण त्याचे बी स्थिर आहे आणि चव स्वतंत्र आहे. तुलनेत त्याला जागा द्यायला हरकत नाही.

जुन्या वाणांची चव वेगळी का लागते

ही आठवणींनी रंगवलेली गोष्ट नाही, तिला ठोस कारणे आहेत. टोमॅटोची चव तीन गोष्टींची बनते: साखर (मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज), आम्ल (मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक) आणि नाकाने जाणवणारी उडनशील सुगंधी द्रव्ये. फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जवळपास 400 वाणांच्या जनुकीय अभ्यासावरून दाखवले की चवीसाठी महत्त्वाची असलेली अनेक सुगंधी द्रव्ये आजच्या व्यापारी वाणांत जुन्या वाणांपेक्षा बरीच कमी आहेत. पैदास करताना भर उत्पादनावर, टिकाऊपणावर आणि एकसारख्या आकारावर होता. सुगंध कुणी मुद्दाम काढला नाही, तो नकळत गळत गेला.

दुसरे कारण फळाच्या खांद्यावर दिसते. बऱ्याच जुन्या वाणांत कच्च्या फळाचा देठाकडचा भाग गडद हिरवा असतो. पैदासकारांनी एकसारखे पिकणारे फळ निवडता निवडता हा गडद खांदा घालवला. 2012 मध्ये संशोधकांनी दाखवले की ज्या जनुकातील बिघाडामुळे फळ एकसारखे फिके हिरवे राहते, तेच जनुक कच्च्या फळातील हरितद्रव्य वाढवते. ते निकामी झाले की फळाची स्वतःची साखर बनवण्याची क्षमता थोडी घटते. म्हणून कच्च्या फळाचा खांदा पाहण्याची सवय लावा आणि वहीत नोंदवा. मात्र कडक उन्हात पिकलेल्या फळाचा खांदा पिवळा आणि कडक राहतो, तो वेगळा प्रकार. तो हवेचा दोष आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. काही सुगंधी द्रव्ये साखर न वाढवता गोडवा वाढल्याचा भास देतात. त्यामुळे रसाची साखर मोजणारे ब्रिक्सचे यंत्र हाताशी असले तर जरूर वापरा, पण त्याचा आकडा म्हणजे चव असे मानू नका. साध्या टोमॅटोचा ब्रिक्स बहुधा 4 ते 6 असतो, लहान चेरी टोमॅटोचा 8 च्या पुढेही जातो. 5 ब्रिक्सचे सुवासिक फळ 6 ब्रिक्सच्या मुक्या फळापेक्षा गोड वाटू शकते.

वाण निवडताना

पहिल्या वर्षी चार वाण घ्या, फार तर पाच. दहा वाणांचे एकेक रोप लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण एका रोपावरून वाणाबद्दल काहीच कळत नाही. ते रोप बारके निघाले की वाण वाईट ठरतो आणि दोष कुणाचा होता हे समजत नाही. जागा कमी असेल तर वाण कमी करा, प्रत्येक वाणाची झाडे कमी करू नका. प्रत्येकाची तीन झाडे असावीत, अगदीच अडचण असेल तर दोन.

एक वाण असा ठेवा जो तुमच्याकडे आधीपासून नीट येतो, मग तो संकरित असला तरी चालेल. तो मोजपट्टी. त्याचेच पीक यंदा बुडाले तर वर्ष वाईट होते हे कळते.

उरलेल्या जागा वेगवेगळ्या घराण्यांतून भरा. माझ्या मते निवड अशी करावी.

ब्रँडीवाइन हा गुलाबी, मोठ्या फळांचा, बटाट्यासारख्या सपाट कडेच्या पानांचा. त्याचा सर्वांत नावाजलेला प्रकार ओहायोतील बेन क्विझेनबेरी या बी जपणाऱ्या माणसामार्फत पसरला. त्यांना तो टेनेसीतील एका कुटुंबाकडून मिळाला होता आणि त्या घरात तो 80 हून अधिक वर्षे लावला जात होता. चव भरघोस, गोड-आंबट समतोल, गर लोण्यासारखा. पण फळ यायला पुनर्लागवडीपासून तीन महिन्यांच्या आसपास लागतात, फळे मोजकी धरतात आणि रात्री उष्ण असतील तर फुले गळतात. चवीचा मापदंड म्हणून तो हवाच, एकट्या त्याच्यावर मात्र विसंबू नये.

चेरोकी पर्पल हा जांभळट तपकिरी. 1990 मध्ये टेनेसीतून त्याचे बी टपालाने क्रेग लहूलियर या बागप्रेमी संशोधकाकडे आले. चेरोकी लोकांकडून शंभरेक वर्षांपूर्वी मिळालेले बी, अशी माहिती सोबतच्या पत्रात होती, त्यावरून त्यांनी हे नाव ठेवले. साधारण 80 दिवसांत फळ येते. मोठ्या फळांच्या हेअरलूममध्ये एकच लावायचा असेल तर मी हा लावीन: चव ब्रँडीवाइनच्या जवळ जाते आणि फळे धरण्यात तो जास्त भरवशाचा. क्रिमियातून आलेला ब्लॅक क्रिम याच गोतातला, थोडा खारट आणि धुरकट चवीचा, पण पाऊस पडला की पटकन तडकतो. या काळपट टोमॅटोंत पिकतानाही हरितद्रव्य पुरते नाहीसे होत नाही. त्यावर लाल रंग चढतो आणि दोन्ही मिळून तो तपकिरी जांभळा दिसतो.

मॉर्टगेज लिफ्टर याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वेस्ट व्हर्जिनियातील लोगन गावी रेडिएटर दुरुस्त करणारे एम. सी. बाइल्स यांनी 1930 च्या दशकात मोठ्या फळांच्या झाडांचा वर्षानुवर्षे आपसात संकर करून हा वाण स्थिर केला. पैदासशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते. रोपे एकेक डॉलरला विकून त्यांनी घरावरचे 6000 डॉलरचे कर्ज सहा वर्षांत फेडले, म्हणून वाणाचे नाव 'गहाण सोडवणारा'. मोठी, मांसल, कमी बियांची फळे. चव सौम्य गोड.

स्टुपिस हा चेक भूमीतला, लहान फळांचा, लवकर येणारा. दोन महिन्यांत फळ देतो आणि थंडीत इतर वाण रुसतात तेव्हाही फळ धरतो. चव ब्रँडीवाइनएवढी खोल नाही, पण हंगामाच्या पहिल्या टोमॅटोचे मोल त्याच्याकडे असते.

सान मार्झानो हा इटलीतील कँपानियाचा लांबट, घट्ट गराचा. तिथल्या विशिष्ट भागात पिकवलेल्या फळाला 1996 पासून युरोपीय संघाचे मूळस्थान संरक्षण आहे. कच्चा खाऊन त्याला नापास करणे अन्याय आहे, त्याची परीक्षा शिजवून घ्यायची. कोस्टोलुटो जेनोव्हेसे हा खोल पाकळ्यांचा, आंबटसर, शिजल्यावर खुलणारा.

उन्हाळा कडक असेल तर अर्कान्सॉ ट्रॅव्हलर हा गुलाबी, मध्यम फळांचा वाण पाहा. उष्णतेत टिकतो आणि सहसा तडकत नाही. यलो पेअर दिसायला गोड आहे, पण चवीत मला त्याच्यात काही सापडलेले नाही. चवीच्या तुलनेत मी त्याची जागा मॅट्स वाइल्ड चेरीला देईन: वाटाण्याहून जरा मोठी फळे, तीव्र चव आणि रोगांपुढे चिवट झाड.

पिवळे टोमॅटो कमी आम्लाचे असतात असे सर्रास सांगितले जाते. रंगावरून आम्ल ठरत नाही. बऱ्याचदा त्यांत साखर जास्त असते किंवा सुगंध सौम्य असतो, म्हणून आंबटपणा झाकला जातो एवढेच.

रोपे: सगळ्यांची सुरुवात एकाच दिवशी

सगळे बी एकाच दिवशी, एकाच मिश्रणात, एकाच आकाराच्या कप्प्यांत पेरा. खोली अर्धा ते एक सेंटीमीटर. 21 ते 27 अंशांत बी पाच ते दहा दिवसांत उगवते. प्रत्येक वाणाचे दहा बी पेरले तर किती उगवले त्यावरून उगवणीची टक्केवारी थेट मिळते. टोमॅटोचे बी कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षे सहज टिकते, पण जुने बी सावकाश उगवते. एका वाणाचे बी ताजे आणि दुसऱ्याचे पाच वर्षे जुने असेल तर पहिल्या दिवसापासूनच तुलना कलंडते. बियांचे वय वहीत लिहून ठेवा.

नावाच्या पट्ट्या पेन्सिलीने लिहा. शाई उन्हापाण्याने उडते, पेन्सिल राहते. हेअरलूमची रोपे तीन पानांवर सारखीच दिसतात आणि पट्टी हरवली की वर्ष गेले.

सहा ते आठ आठवड्यांची रोपे आठवडाभर हळूहळू बाहेरच्या उन्हाला सरावू द्या. प्रत्येक वाणाची सर्वांत उंच रोपे निवडू नका, मध्यम निवडा. लावताना खालची पाने काढून खोड निम्म्यापर्यंत जमिनीत पुरा. पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात.

जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा

तुलनेत सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जागा. ओळीच्या टोकाच्या झाडाला जास्त ऊन आणि जास्त मुळांची जागा मिळते. भिंतीलगतचे झाड रात्री ऊबदार राहते. म्हणून एका वाणाची तिन्ही झाडे शेजारीशेजारी लावू नका.

चार वाण, प्रत्येकी तीन झाडे, म्हणजे बारा झाडे. वाफ्याचे तीन भाग करा. प्रत्येक भागात चारही वाणांचे एकेक झाड येऊ द्या आणि त्या भागातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. आपल्या मनाने क्रम लावू नका, कारण मन आवडत्याला नेमकी चांगली जागा देते. प्रत्येक झाडाला क्रमांक द्या आणि वहीत नकाशा काढा.

अंतर 60 ते 90 सेंटीमीटर. बहुतेक हेअरलूम वेलासारखे सतत वाढणारे असतात, त्यांना माणसाच्या उंचीपेक्षा उंच, भक्कम आधार लागतो. आखूड वाढीचा एखादा वाण तुलनेत असेल तर त्याचे बगलेतले फुटवे खुडू नका, नाहीतर त्याचे पीकच खुडले जाईल. उरलेल्यांसाठी एक नियम ठरवा, एक खोड किंवा दोन खोडे, आणि तो सगळ्यांना लावा. जास्त फुटवे ठेवले की फळे जास्त आणि लहान, कमी ठेवले की मोठी आणि कमी. नियम मध्येच बदलला तर तुम्ही छाटणीची तुलना करत आहात.

कुंड्यांत करायचे असेल तर सगळ्या कुंड्या एका मापाच्या हव्यात, मोठ्या फळांच्या वाणांना निदान 40 लिटरच्या. दर आठवड्याला त्यांची जागा एका दिशेने एकेक घर सरकवा.

पाणी, कारण अर्धी चव तिथेच आहे

कितीही चांगला वाण असो, पाण्याने तो फिका करता येतो. फळ भरताना आणि पिकताना भरपूर पाणी दिले की फळ मोठे होते, वजन वाढते आणि साखर, आम्ल, सुगंध सगळे पातळ होते. थोडा ताण दिला की उत्पादन घटते आणि चव घट्ट होते. त्यामुळे एकाच झाडावर चव आणि वजन बऱ्याचदा एकमेकांच्या विरुद्ध जातात. दोन वाणांना कमीजास्त पाणी मिळाले तर तुमचा निकाल पाण्याचा निकाल असतो.

आठवड्याला अडीच ते पाच सेंटीमीटर पाणी, हवेप्रमाणे, दोन किंवा तीन पाळ्यांत, मुळाशी, सकाळी. प्रत्येक झाडाला मोजून तेवढेच, डबा किंवा ठिबक यांपैकी एकाने. जमिनीवर वाळल्या पानांचे किंवा पेंढ्याचे जाड आच्छादन घाला. फळे रंग बदलू लागली की सगळ्या झाडांचे पाणी एकाच वेळी थोडे कमी करा. पण कधी कोरडे ठणठणीत, कधी चिखल असे होऊ देऊ नका. कोरड्या जमिनीवर एकदम पाणी आले की गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फळ तडकते. पाळी चुकत राहिली की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही आणि फळाचे बूड काळे पडून कुजते. लांबट वाणांत, सान मार्झानोत विशेषतः, हे जास्त दिसते. मातीत चुना टाकण्याआधी पाण्याची पाळी सुधारा, बहुतेक वेळा दोष तिथे असतो.

नत्र बेताने द्या. जास्त नत्राने झाड हिरवेगार होते, फुले उशिरा येतात आणि फळ पाणचट लागते. चांगले कुजलेले खत लागवडीच्या वेळी, सगळ्या खड्ड्यांत सारखे मोजून.

हवेची नोंद वेगळी ठेवा. दिवस 32 ते 35 अंशांच्या वर आणि रात्री 21 ते 24 अंशांच्या वर राहू लागल्या की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. रात्री 13 अंशांच्या खाली गेल्या तरी फळधारणा अडते. मोठ्या फळांच्या वाणांत थंडीत बनलेल्या फुलांतून वेडीवाकडी, भेगाळ फळे येतात. शिवाय 30 अंशांच्या पुढे लाल रंगद्रव्य नीट बनत नाही, फळ नारिंगी राहते. कमाल-किमान तापमान रोज लिहिले तर वाणाचा दोष कोणता आणि हवेचा कोणता हे महिनाभराने वेगळे काढता येते.

वही

प्रत्येक झाडाचे एक पान. त्यात लागवडीची तारीख, पहिले फूल, पहिले धरलेले फळ, पहिले पिकलेले फळ, मग प्रत्येक तोडणीला फळांची संख्या आणि वजन. वजनाचे दोन आकडे ठेवा: एकूण, आणि त्यातले खाण्याजोगे. तडकलेले, किडलेले, बूड कुजलेले वेगळे मोजा आणि कारण लिहा.

हा फरक किती मोठा असतो, पाहा. समजा एका वाणाने हंगामात झाडामागे 4.2 किलो दिले, पण 1.1 किलो तडकून गेले. दुसऱ्याने 3.4 किलो दिले आणि 0.2 किलोच वाया गेले. एकूण वजनात पहिला सरस. ताटात आले ते 3.1 आणि 3.2 किलो.

झाड मेले तरी त्याचे पान फाडू नका. तीन झाडे लावून एक मर रोगाने गेले असेल तर सरासरी तीनने काढा, दोनने नाही. हेअरलूमची खरी दुखरी बाजू इथे आहे: आधुनिक संकरित वाणांत मर रोग आणि सूत्रकृमी यांविरुद्ध मुद्दाम आणलेली प्रतिकारशक्ती असते, बहुतेक हेअरलूममध्ये ती नसते. करप्याचे ठिपके खालून किती पानांवर कोणत्या तारखेला पोहोचले, पांढरी माशी कधी आली, पाने कधी आकसली, हे दर आठवड्याला दोन ओळींत लिहा. पाने आकसून वळलेले विषाणूग्रस्त झाड लगेच उपटा. तुलनेसाठी ते ठेवणे बाकी सगळ्यांना महागात पडते.

चाखणे

इथे घाई केली तर हंगामभराची मेहनत फुकट जाते.

पहिली अट: सगळी फळे सारख्या पक्वतेची. लाल आणि गुलाबी वाणांत रंग पुरा चढलेला आणि बोटाने दाबल्यावर जरा दबणारी. हिरव्याच पिकणाऱ्या वाणांत रंग फसवतो. ग्रीन झेब्राचे फिके पट्टे पिवळट सोनेरी होतात, आंट रूबीज जर्मन ग्रीनच्या बुडाला गुलाबी झाक येते. त्यांत दाबून पाहण्यालाच महत्त्व द्या.

दुसरी: फ्रिज नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिकलेली फळे 5 अंशांत सात दिवस ठेवल्यावर सुगंधी द्रव्ये बरीच घटली आणि बाहेर काढल्यावरही पुरती परत आली नाहीत. साखर आणि आम्ल मात्र जवळपास तेवढेच राहिले. म्हणजे थंड ठेवलेला टोमॅटो फसवून गोड-आंबट तेवढाच लागतो आणि मुका होतो. तोडलेली फळे खोलीच्या तापमानात ठेवा, एकाच दिवशी तोडा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चाखा.

तिसरी: काप देठापासून बुडापर्यंत उभे. प्रत्येक कापात साल, गर आणि बियांभोवतीचा जेलीसारखा रस तिन्ही यायला हवेत. त्या रसात आम्ल आणि तोंडाला भरीव चव देणारे ग्लुटामेट गरापेक्षा जास्त असते. एकाला नुसता गर आणि दुसऱ्याला रसाळ भाग मिळाला तर दोघे दोन वेगळे टोमॅटो खात आहेत.

आता नावे लपवा. घरातल्या एकाने फळे कापून प्रत्येक बशीला 417, 862 असे तीन आकडी क्रमांक द्यावेत. एक-दोन-तीन नकोत, एक नंबर म्हटले की मन झुकते. प्रत्येकाला बशा वेगळ्या क्रमाने द्या. काळा टोमॅटो डोळ्यांना दिसला की जीभ त्याला आधीच खोल चवीचा ठरवते, म्हणून शक्य असेल तर डोळे मिटून खा. मध्ये साधे पाणी. एका बैठकीत पाच-सहा नमुन्यांपेक्षा जास्त नको, जीभ थकते. सगळ्यांनी लिहून होईपर्यंत कुणी बोलायचे नाही. पहिल्या उद्गाराबरोबर इतरांचे गुण सरकतात.

गुणपत्रिकेत पहिला प्रश्न एकच: किती आवडला, 1 ते 9. त्यानंतर गोडवा, आंबटपणा, वास, गराचा पोत (लुसलुशीत की पिठूळ), सालीचा जाडपणा, गिळल्यावर तोंडात काय उरते. आधी बारकावे विचारले तर माणूस त्यांची बेरीज करून आवड ठरवतो. आवड आधी घ्या, कारणे मागाहून. पहिली फेरी मिठाशिवाय, दुसरी चिमूटभर मीठ लावून. काही वाण मिठाने उमलतात, ते वेगळे नोंदवा.

आणि एक युक्ती, जी मी आता कधीच सोडत नाही: एकाच वाणाच्या कापांच्या दोन बशा दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवा आणि कुणाला सांगू नका. एखाद्याने त्याच टोमॅटोला एकदा 8 आणि एकदा 5 दिले, तर त्याच्या पत्रिकेत इतर वाणांमधल्या दोन-तीन गुणांच्या फरकाला अर्थ उरत नाही. निकाल किती विश्वासाने वाचायचा हे त्या जोडीवरून कळते.

हे हंगामात तीनदा करा: पहिला बहर ओसरल्यावर, मधल्या कोरड्या उन्हाच्या आठवड्यात, आणि पावसानंतर किंवा शेवटी. अगदी पहिल्या फळांवरून निकाल देऊ नका. पावसानंतर जो वाण सर्वांत कमी घसरला, त्याच्या नावापुढे खूण करा. सरासरीत तो दिसत नाही, पण रोजच्या खाण्यात तोच साथ देतो.

शिजवायच्या वाणांची वेगळी फेरी घ्या. प्रत्येकाचा एक किलो सारख्या पातेल्यात, सारख्या आचेवर, अर्धा किलो उरेपर्यंत आटवा. लागलेला वेळ लिहा आणि मग चाखा. सान मार्झानोला इथे न्याय मिळतो, कोस्टोलुटो तर कधीकधी त्याच्याही पुढे जातो.

निकाल वाचताना

चव आणि उत्पादन यांची बेरीज करून एक आकडा काढू नका. 8 गुणांचा आणि दीड किलोचा ब्रँडीवाइन, 6 गुणांचा आणि चार किलोचा मॉर्टगेज लिफ्टर, यांना एका रांगेत बसवले की दोघांचेही खरे गुण दिसेनासे होतात. कागदावर आडवी रेघ उत्पादनाची, उभी चवीची, आणि प्रत्येक झाडाचा एक ठिपका काढा. एका वाणाचे तीन ठिपके जवळजवळ आले तर तो वाण तुमच्याकडे कसा वागतो हे कळले. ते विखुरले असतील तर वाणाबद्दल अजून काही ठरलेले नाही, त्याला आणखी एक वर्ष द्या.

पुढच्या हंगामात वरचे दोन ठेवा, मोजपट्टीचा वाण ठेवा, उरलेल्या जागी नवे घ्या. तीन हंगामांत दोन-तीन वाण असे उरतात की ज्यांच्याबद्दल तुम्ही पाकिटापेक्षा जास्त जाणता.

बी धरणे

सर्वांत मोठ्या फळाचे बी धरायची सवय असते. फळ न पाहता झाड पाहा: ज्या झाडाच्या वहीतल्या पानावर चव, खाण्याजोगे वजन आणि निरोगीपणा तिन्ही चांगले दिसतात, त्याचे बी धरा. एकाच वाणाच्या दोन-तीन चांगल्या झाडांचे मिसळले तर आणखी बरे. वाण शेजारीशेजारी असल्याने मधमाश्या थोडाफार संकर करतातच. ब्रँडीवाइनसारख्या काही वाणांत स्त्रीकेसराचे टोक नळीबाहेर डोकावते, तिथे धोका जास्त. फूल उमलण्याआधी त्या घोसावर पातळ जाळीची पिशवी बांधा, दिवसातून एकदा हलकेच झटका द्या आणि फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला दोरा बांधा.

पूर्ण पिकलेल्या फळाचे बी रसासकट पेल्यात दोन-तीन दिवस आंबू द्या. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटले की धुऊन, बशीवर पसरून सावलीत वाळवा. कागदावर वाळवले तर ते चिकटते. पुडीवर वाण, झाडाचा क्रमांक आणि वर्ष लिहा.

बटाटपानी वाणात पुढच्या वर्षी आपोआप तपासणीही होते. सपाट कडेचे पान हा अप्रभावी गुण आहे, म्हणून साध्या, कातरलेल्या पानांच्या वाणाशी संकर झाला असेल तर रोपाची पाने कातरलेली येतात. ब्रँडीवाइनची रोपे तीन-चार पानांची झाली की ट्रे उजेडात धरून एकेक पाहा. कातरलेल्या पानाचे रोप तुलनेच्या वाफ्यात लावू नका. कोपऱ्यात कुठे जागा असेल तर ते वेगळे लावा, क्रमांक द्या आणि त्याचेही एक पान वहीत उघडा.